पांढरं शेवटी

तालकाउआनोच्या बंदरात, मासळीच्या पिठाच्या
कारखान्याला पाठ टेकून माझं दुकान.
दोन खुर्च्या, एक वाकता दिवा,
भिंतभर कुणाकुणाचे चेहरे.
लोक विचारतात, नेल्दा, तुला वास येत नाही?
वास कधीच सुटला. मला आता फक्त चेहरे येतात.

चेहरा आधी जांभळा उमटतो, कागदावरून कातडीवर.
मग सावल्या. नाकाला रेघ नसते,
एवढं शिकायला मला चार वर्षं लागली
आणि माझ्या भावाची पोटरी.
त्या पोटरीवर आमची आई आहे,
दिसते एखाद्या बिशपसारखी.
भाऊ भर उन्हाळ्यात लांब पँट घालतो
आणि मला काही म्हणत नाही.

येर्कोनं मांडीवर गोलकीपर गोंदून घेतला,
झेपावलेला, दहाही बोटं ताणलेली.
तीन महिन्यांत गोलकीपर पलीकडच्या क्लबात गेला.
येर्को परत आला. म्हणाला, झाक त्याला.
मी त्यावर ऑक्टोपस काढला, चांगला पैसरलेला.
तरी ऊन तिरपं पडलं
की दुसऱ्या आणि तिसऱ्या सोंडेमधून
त्याचा कान दिसतो.

नर्स आयदेच्या दंडावर मालिकेतली बाई आहे,
एकशेबाराव्या भागात
जमीनदाराच्या थोबाडीत देते ती.
मी म्हटलं, पण ही खरी नाही ना कुणी?
आयदे म्हणाली, रात्रपाळीला मोठा डॉक्टर अंगावर येतो
तेव्हा मी बाही वर सरकवते.
तेवढी खरी आहे.

पांढरं मी शेवटी भरते.
बुबुळात, एका कडेला, सुई जेमतेम टेकवून.
तोवर सगळं काळं-राखाडी काम असतं, हाताचं.
तो ठिपका पडला
की चेहरा खोलीत कोण कोण आहे ते बघायला लागतो.

मग एलेउतेरिओ आला. जाळी सांधणारा.
खिशात दुसऱ्याच कुणाच्या लग्नातला फोटो,
बारा माणसं, मागच्या ओळीत डावीकडून चौथी रोसेन्दा.
समुद्र घरात शिरला तेव्हा अल्बम गेले, फ्रिज गेला.
ती त्याच्या आधीच गेली होती.
“बरं झालं,” म्हणाला, “फ्रिजवर तिचा फार जीव.”
भाचीकडे हा एवढा एक फोटो निघाला.
त्यात डोळे मिटलेले.

मी म्हटलं, उघडून देते. जमतं मला.
भुवया आहेत, गाल आहेत, रंग तेवढा सांगा.
तो पँटचं सुटलेलं सूत
बोटाला गुंडाळत राहिला.
“फोटोवाला तीन म्हणायचा.
ही दोनलाच मिटायची. चाळीस वर्षं.
उघडे काढलेस तर ती दुसरीच कुणी बाई होईल,
आणि दुसरी बाई हातावर घेऊन
मी हिच्या कबरीवर कसा जाऊ?”

चार तास लागले. तो हलला नाही.
एकदाच, पापणीच्या काठाशी आले तेव्हा म्हणाला,
सावकाश.

सवयीनं पांढऱ्याची टोपी भरून ठेवली होती.
सुई बुडवली, उचलली,
आणि ठेवायला जागाच सापडेना.
दिव्याखाली तो थेंब
आम्ही दोघं बिलाचं बोलत असताना वाळून गेला.

मंगळवारी धक्क्यावर दिसला,
मांडीवर हिरवं जाळं, दातांत दोरा.
मी हाक मारली नाही.
गाठ आवळली की मनगटाची शीर ताणायची,
शीर ताणली की तिची पापणी थरथरायची,
उघडू का नको अशी.
माझ्या तोंडून आपसूक निघालं, एक,
दोन

आणि तिथेच मी तोंड मिटलं.
बोटी लागत होत्या. कुणीतरी बर्फासाठी ओरडत होतं.